तीन पाण्यांचे वर्ष

(तंजावूर राजवाड्याच्या आवारात दिलेले स्मृतिव्याख्यान)



राजवाड्यात बोलायला उभे राहिले की माणसाने राजांबद्दल बोलावे अशी अपेक्षा असते. ती रास्तच आहे. याच आवारात सरस्वती महाल आहे, दुसऱ्या सरफोजीराजांनी जमवलेले ग्रंथ आहेत, मोडीचे रुमाल आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे इथे आले, १८५५ साली इथले शेवटचे राजे शिवाजी वारले आणि राज्य कंपनीने खालसा केले. मधली सगळी वंशावळ आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. म्हणून आज मी ती सांगणार नाही. आज मी सहा 'मा' जमिनीच्या एका घराबद्दल बोलणार आहे.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी मोजमाप सांगतो. कावेरीच्या या खोऱ्यात जमीन 'वेली'त आणि 'मा'त मोजतात. वीस मा म्हणजे एक वेली, आणि वेली म्हणजे ६.६७ एकर. एक मा हा एकराचा तिसरा हिस्सा झाला, तेव्हा सहा मा म्हणजे दोन एकर. हे घर मी कल्पनेने उभे केले आहे, पण ते अपवादातले नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत तामिळनाडूतली सरासरी जमीनधारणा ०.७५ हेक्टर निघाली, म्हणजे दोन एकरांहूनही थोडी कमी. महाराष्ट्रात हाच आकडा १.३४ होता. तेव्हा आपले सहा मांचे घर अगदी सरासरीचे घर आहे.

राजवाड्यात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. १७९९ चा तह आठवा. सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे किल्ला राहिला, वर्षाचे एक लाख पागोडे राहिले आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. मुलूख कसला? भाताचा. वसूल कसला? भाताचा. मग युरोपातून मागवलेली ती पुस्तके कशाने विकत घेतली? राजवाड्यातले गायक, वैद्य, चित्रकार, लेखनिक कशावर जगले? ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंच्या पानावर काय पडत होते? भात, भात आणि भातच. हे सगळे चिखलात उभे राहणाऱ्या माणसांच्या जोरावर चालले. आणि आपण तंजावूरचा इतिहास लिहितो त्यात त्या माणसांचे वर्ष कसे जात होते याला किती पाने असतात?

बृहदीश्वराच्या देवळात आपण सगळेच जातो. तिथे प्राकाराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख आहे, त्यात भोसल्यांच्या कुळाचा इतिहास आहे. मराठी पाहुणे तो पाहतात आणि फोटो काढतात. त्याच देवळावर राजराज चोळाचे लेख आहेत. त्यांत कुठल्या गावात किती वेली जमीन, तिच्यातून देवाला किती कलम (हे धान्याचे माप) भात यायचे, याचा हिशेब आहे, तोही सूक्ष्म अपूर्णांकांपर्यंत. आपण कूळ कोरले, चोळांनी कुळाबरोबर शेतही कोरले. हा टोमणा नव्हे. पण आजचे व्याख्यान त्या दुसऱ्या लेखाच्या बाजूने आहे, एवढे सांगून ठेवतो.

माझे म्हणणे एका वाक्यात असे: इथल्या लहान शेतकऱ्याचे वर्ष तीन पाण्यांचे असते. पहिले नदीचे, दुसरे आभाळाचे आणि तिसरे दवाचे. जमीन त्याची आहे, पण पहिल्या दोन पाण्यांची तारीख त्याच्या हातात नाही. तिसऱ्याची होती, आणि तीही आता निसटत चालली आहे. हे तिन्ही मुद्दे क्रमाने घेतो.

पहिले पाणी नदीचे.

देशावरच्या माणसाला इथला जून महिना समजत नाही. आपल्याकडे मृग लागला की माणूस आभाळाकडे बघतो. इथे मृगात आभाळ बहुधा कोरडे असते, वारा सुटलेला असतो, आणि माणूस पश्चिमेकडे बघतो, पण ढगासाठी नव्हे. पाऊस पडतो तो तिकडे कोडगूत. तो कावेरीत उतरतो, कर्नाटकातली धरणे भरतो आणि मग मेट्टूरला पोचतो. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. त्याची पूर्ण पातळी १२० फूट, साठा ९३.४७ टीएमसी. वहिवाटीने ते १२ जूनला उघडते आणि २८ जानेवारीला बंद होते. सहा मांच्या घरात या दोन्ही तारखा लहान पोरालाही माहीत असतात.

पाणी सुटले की तीन-चार दिवसांत कल्लणैला येते. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा हा बांध. तिथे मंत्री, जिल्हाधिकारी येतात, पाण्यात फुले आणि भात टाकतात. तिथून पाणी वाटले जाते: एक धार कावेरीला, एक वेण्णारूला, एक १९३४ च्याच सुमाराच्या नव्या कालव्याला, आणि जादा झालेले कोळ्ळिडमला. तो नवा कालवा इथून फार लांब नाही, बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाजवळून वाहतो. लोक त्याला पुदु आरू, नवी नदी म्हणतात.

आता घरात काय चालले आहे ते पाहा. बियाणे रात्रंदिवस भिजत घातले आहे, मग दडपून मोड आणले आहेत. एका एकराच्या लावणीला आठेक सेंटचा, म्हणजे एकराच्या आठेक शतांशांचा, तरवा लागतो. तरव्यासाठी थोडे पाणी हवे, ते ज्याच्याकडे बोअर आहे त्याच्याकडून विकत घ्यायचे. बैलाच्या जागी आता भाड्याचा ट्रॅक्टर आहे, चिखलणीचा दर तासावर. या सगळ्याला पैसा कुठून येतो? घरातले सोने सहकारी सोसायटीत गहाण पडते. जूनमध्ये बाईच्या गळ्यात काय राहिले आहे यावरून त्या घराने पेरणीची तयारी केली की नाही हे शेजारणींना कळते.

हे पीक 'कुरुवै'चे. कमी मुदतीचे, साडेतीन-चार महिन्यांचे. आडुदुरैचे भात संशोधन केंद्र १९२२ चे, तिथून निघालेली वाणे त्यात चालतात. पंचवीस दिवसांत तरवा उपटायला येतो. मग बायकांची ओळ शेतात उतरते, कमरेत वाकून मागे मागे सरकत रोप रोवते. काही ठिकाणी आता यंत्राने लावणी होते, पण सहा मांच्या वेड्यावाकड्या तुकड्यात यंत्र वळवायलाच जागा नसते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या खोऱ्यात प्रत्येक शेताला स्वतंत्र पाट नाही. पुष्कळ ठिकाणी पाणी एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. त्यामुळे माझा शेजारी लावणी करील तेव्हाच मला लावणी करता येते. त्याने उशीर केला तर माझा उशीर झाला, त्याने बांध फोडला तर माझा तरवा वाहून गेला. पाणी तुटपुंजे झाले की 'मुरै', म्हणजे आपली पाळी, लागते. अमुक दिवस या पाटाला, अमुक दिवस त्या पाटाला. टेलच्या शेतकऱ्याची पाळी रात्री येते, तो कंदील घेऊन पाटावर बसतो. पुस्तकात आपण लिहितो, 'लहान शेतकरी स्वतंत्र असतो.' इथे या आणि विचारा!

आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, तिरुवय्यारूच्या घाटावर बायका जमतात. कावेरीला गरोदर बाई मानतात. तिला ताडपानाचे कानातले, काळे मणी, हळदकुंकू वाहतात, तऱ्हेतऱ्हेचा चित्रान्न भात नेऊन नदीकाठी खातात, गळ्यातला दोरा बदलतात. हा सण नव्या पाण्याचा आहे. पण पाणीच आले नाही तर? २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे मेट्टूर १२ जूनला उघडले नाही. २०२० ला उघडले. २०२२ ला तर २४ मेलाच उघडले, आणि २०२४ ला जुलैअखेर उजाडली. १९२४ चा करार, १९९० चा लवाद, २००७ चा निवाडा, २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा १७७.२५ टीएमसीचा निकाल: हे सगळे वर्तमानपत्रात दोन राज्यांचे भांडण म्हणून छापले जाते. सहा मांच्या घरात त्याचा अर्थ एवढाच, की यंदा कुरुवै आहे की नाही. म्हणजे एक पीक की दोन पिके.

धरणाआधी कुठे तारीख होती, असे कोणी म्हणेल. नव्हती. नदीला पूर आला की पाणी, आणि पुराबरोबर गाळ. गाळ हेच खत होते. पाण्याचे भांडण मात्र तेव्हाही होते. अठराव्या शतकात तंजावूरचे राजे आणि अर्काटचे नवाब यांच्यातली कावेरीच्या बांधाच्या दुरुस्तीची तक्रार मद्रासच्या कंपनी सरकारपर्यंत गेली होती. वरचा माणूस बांध दुरुस्त करू देत नाही आणि खालच्याचे पाणी कोळ्ळिडमला पडून समुद्रात जाते, हे दुखणे जुने आहे. मेट्टूरने खोऱ्यातल्या दुसऱ्या पिकाला बळ दिले, बेभरवशाच्या नदीला तारीख दिली. त्याबदली गाळ अडवला, आणि तारीख शेतकऱ्याच्या अंदाजातून काढून सरकारी हुकमात नेली. मी धरणाच्या विरुद्ध बोलत नाही. सौदा काय झाला ते सांगतो आहे.

दुसरे पाणी आभाळाचे.

ऐप्पसी महिना लागतो. दिवाळी तोंडावर येते. आणि देशावर पाऊस परततो नेमका तेव्हा इथे पाऊस सुरू होतो. वर्षाच्या पावसातला जवळजवळ निम्मा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येतो. आता गंमत अशी, की कुरुवैची कापणी त्याच सुमारास येते. म्हणजे नदीच्या पाण्याने उभे केलेले पीक आभाळाच्या पाण्याने भिजायला तयार!

शेताच्या कडेला रस्त्यावर भात वाळत घातलेले तुम्ही येताना पाहिले असेल. मोटारी त्यावरून चुकवत जातात, पाहुणे चिडतात. तो रस्ता हेच त्या घराचे खळे आहे. सरकारी खरेदी केंद्रात भातात १७ टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही, आणि दरवर्षी पाऊस लागला की सवलतीची मागणी दिल्लीला जाते. तोवर चाळीस-चाळीस किलोची पोती केंद्राबाहेर ताडपत्रीखाली रांगेत. घरातला एक माणूस पोत्यांवर झोपतो. पूर्वी भात घरातल्या 'पत्तायम'मध्ये, म्हणजे लाकडी कोठारात जाई आणि घर भाव बघून ते विकत असे. आज पुष्कळ घरांत पत्तायम रिकामे आहे, कारण सोने सोडवायचे आहे आणि पुढच्या पिकाचा खर्च उभा आहे. साठवायला भात नाही असे नाही, थांबायला सवड नाही.

कुरुवै निघाले की त्याच शेतात 'ताळडी' लावतात. ज्यांनी कुरुवै केले नाही त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरातच 'सांबा' लावलेले असते, पाच महिन्यांच्या आसपासचे लांब मुदतीचे भात. इथल्या जेवणाचे, इथल्या इडलीचे, इथल्या अभिमानाचे भात म्हणजे सांबा. जुनी देशी वाणे याच हंगामातली. त्यांच्यासाठी तंजावूर जिल्ह्यातल्या एलंगाडूचे सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळ्वार आयुष्यभर गावोगाव फिरले. २०१३ साली ते गेले. तिरुत्तुरैप्पूंडीकडच्या नेल जयरामन यांनी शंभरांहून जास्त जुनी वाणे लोकांच्या शेतात परत आणली. २०१८ साली तेही गेले. त्यांची बी-बियाण्याची जत्रा अजून आठवली जाते, कारण तिथे बी विकत मिळत नसे: आज दोन किलो घ्या, पुढच्या वर्षी चार किलो परत करा. शेतकऱ्याला उधार देण्याची याहून भली रीत मला माहीत नाही.

दुसऱ्या पाण्याचे काम पहिल्याच्या उलट. जूनमध्ये पाणी आत घ्यायचे होते, नोव्हेंबरात बाहेर घालवायचे आहे. पाटाइतकाच निचऱ्याचा ओढा मोलाचा. तो तुंबला की रोप कुजले. खेकडे बांधाला भोके पाडतात, ती पायाने दाबत हिंडायचे. उंदरांसाठी बांबूची 'किट्टी' लावायची. धनुष्यासारखा ताणलेला हा सापळा तंजावूरच्या नावानेच ओळखला जातो आणि तो लावणारा माणूस गावात वेगळा असतो. मग वादळे. १६ नोव्हेंबर २०१८ ला 'गजा' वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागले आणि ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणीकडचे माड आडवे करत गेले. भात एका हंगामात परत उभे राहते. माड उभा राहायला वर्षे लागतात, आणि ज्याने मुलीच्या लग्नासाठी माड लावले होते त्याला तेवढी वर्षे कोण देणार?

मार्गळी ओलांडली की तै उजाडतो. आपली संक्रांत, इथला पोंगल. नव्या तांदळाचा पहिला भात अंगणात उतू जातो. दुसऱ्या दिवशी गुरांचा सण: शिंगे रंगवायची, माळा घालायच्या. मोठ्या देवळातल्या नंदीलाही त्या दिवशी भाज्या-फळांनी मढवतात. महाराष्ट्रात पोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो, पीक शेतात उभे असताना. पेरणी-कोळपणी आटोपली, बैल जरा मोकळा झाला, म्हणून. इथे दाणा घरात आला आणि पेंढ्याची गंज उभी राहिली, मग बैलाची आठवण. दोन्ही सण बैलाचेच, पण एक कामाच्या मधल्या उसंतीचा आणि दुसरा कामाच्या फळाचा. इथल्या मराठी घरांत दोन्ही ठाऊक आहेत, आणि मला वाटते, दोन्ही ठाऊक असणे ही तंजावूरच्या मराठी माणसाची खरी श्रीमंती आहे.

तिसरे पाणी दवाचे.

२८ जानेवारीला मेट्टूर बंद होते. पाऊस थांबलेला असतो. आता शेतात काय उरले? वाफसा उरला, आणि पहाटेचे दव. सांब्याची कापणी आठ-दहा दिवसांवर असताना उभ्या पिकात शेतकरी उडीद किंवा मूग फेकतो. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. भात कापले की खाली हिरवे कोंब दिसतात. पासष्ट-सत्तर दिवस ते पीक नुसत्या ओलीवर आणि दवावर वाढते. खर्च जवळजवळ बियाण्याचाच. पीक आले तर मासी-पंगुणीत घरात रोख पैसा येतो, आणि जमिनीला द्विदल पिकाचा फायदा होतो तो वेगळा.

या उडदाला माझ्या लेखी मोठा मान आहे. कारण या एकाच पिकाची तारीख त्या घराच्या हातात आहे. बी कधी फेकायचे? चिखलात पाय किती रुततो ते पाहून. जास्त ओल असली तर बी कुजते, कमी असली तर उगवत नाही. हे कोणत्याही खात्याचे परिपत्रक सांगत नाही, घरातल्या म्हाताऱ्याची टाच सांगते.

आणि हेच पीक आज धोक्यात आहे. कापणीला मजूर मिळत नाहीत, मोठे कापणीयंत्र येते. ओल्या शेतात ते पट्ट्यांवर चालते, आणि खालचे उडदाचे कोंब चिखलात गाडून जाते. यंत्र उंचावरून कापते, मागे धसकटे उरतात. तर काय करायचे? यंत्र नको म्हणायचे? ज्याला विळा घेऊन वाकावे लागत नाही त्यानेच तसे म्हणावे. प्रश्न यंत्राचा नाही. सहा मांच्या शेतासाठी हलके यंत्र कोणी बनवले का, ते भाड्याने मिळते का, ते वेळेवर येते का, हा प्रश्न आहे. आज यंत्रवाला येईल तो दिवस कापणीचा. म्हणजे तिसऱ्या पाण्याची तारीखही दुसऱ्याच्या हातात गेली.

मग उन्हाळा. चित्तिरै, वैकासी. जमीन भेगाळते. रामनाथपुरमकडचे मेंढपाळ कळप घेऊन येतात आणि रात्री मेंढ्या शेतात बसवतात, अगदी आपल्याकडे धनगर बसवतात तशा. रात्रीचा दर ठरतो, खत मिळते. पाटांतला गाळ काढायचा, घर शाकारायचे, लग्ने उरकायची. आणि मेट्टूरची पातळी रोज पेपरात बघायची. वर्ष असे फिरून येते.

मित्रहो, एवढे सगळे सांगून एक गोष्ट गाळली तर हे व्याख्यान खोटे ठरेल. सहा मा असलेले घर निदान घर तरी आहे. ज्यांच्याकडे एक 'मा'ही नव्हता त्यांचे काय? या जिल्ह्यात 'पण्णैयाळ', म्हणजे मिरासदाराच्या पदरी बांधलेले शेतमजूर, पिढ्यान्‌पिढ्या होते. आणि मिरासदार कोण होते? त्यांत आपलीही मराठी घराणी होती. १९५२ साली पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो मिळवावा लागला, कोणी वाटला नाही. आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत, मजुरीच्या भांडणातून ४४ दलित स्त्री-पुरुष-मुले एका झोपडीत जाळली गेली. हिरवेगार शेत पाहून आपण 'दक्षिणेचे भाताचे कोठार' म्हणतो, तेव्हा हेही म्हणायला हवे. लावणीच्या ओळीत वाकलेली बाई बहुधा त्याच घरांतली असते. तीन पाण्यांचे वर्ष तिचेही आहे. फरक इतकाच, की पीक बुडाले तर शेतकऱ्याला नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. तिची बुडालेली मजुरी कुठल्या रकान्यात लिहितात?

समारोप करतो.

पहिला मुद्दा, नदीचे पाणी: त्याची तारीख राज्यांच्या करारात आहे. दुसरा, आभाळाचे पाणी: त्याची तारीख बंगालच्या उपसागरात आहे. तिसरा, दवाचे पाणी: त्याची तारीख घराची होती, ती यंत्राच्या भाड्यात चालली आहे. लहान शेतकऱ्याची गरिबी आपण एकरांत मोजतो. ती दिवसांतही मोजायला हवी. पाणी कधी येणार ते किती दिवस आधी कळले, पोती किती दिवस रांगेत राहिली, मजुरी किती दिवसांनी मिळाली, सोने किती महिन्यांनी सुटले? २०२० साली हे खोरे कायद्याने संरक्षित कृषी क्षेत्र झाले, फार चांगले झाले. जमीन राखली. आता शेतकऱ्याचे दिवस राखणारा कायदा कोण करणार?

आणि एक मागणे आपल्यापाशी, मराठी माणसांपाशी. या राजवाड्यातल्या मोडी कागदांत दरबाराइतकाच कोठीचा आणि छत्रांचा हिशेब आहे. तो वाचायला मोडी येणारा एक माणूस पुरत नाही. कलम म्हणजे किती, कुठल्या महिन्यात भात महाग का होते, कुठल्या वर्षी छत्रातला तांदूळ का आटला, हे सांगणारा शेतकरी त्याच्या शेजारी बसला पाहिजे. तो मोडी वाचणार नाही, पण आपण मोठ्याने वाचले तर चूक कुठे आहे ते तो लगेच दाखवील. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर वक्ता बोलवाल तेव्हा दोघांना बोलवा: एक वाचणारा आणि एक पिकवणारा. मात्र तारीख ठरवताना आधी त्या दुसऱ्याला विचारा. लावणीच्या दिवसांत तो येणार नाही, आणि त्याने येऊही नये.